अठराच्या जागची रेघ

विजेच्या दाबाने दुधातली प्रथिनं वजनानुसार वेगळी करणारी जेल रंगवून झाली, जादाचा निळा रंग धुऊन निघाला, की माझी नजर सगळ्यात आधी अठरा किलोडाल्टनच्या आसपास जाते. गायीच्या दुधाच्या लेनमध्ये तिथे ठसठशीत निळी रेघ असते. उंटिणीच्या दुधाच्या लेनमध्ये त्या जागी तशी रेघ असायला नको. ती असेल, तर कुणीतरी त्या दुधात गायीचं, म्हशीचं किंवा शेळीचं दूध मिसळलं आहे असा संशय घ्यावा लागतो. बीटा-लॅक्टोग्लोब्युलिन नावाच्या प्रथिनाची ही रेघ. गायीच्या दुधाच्या निवळीत जी प्रथिनं असतात त्यांतलं जवळजवळ निम्मं हेच. उंटिणीच्या दुधात ते मुळातच नसतं, आणि माझ्या कामाचा बराचसा भाग या नसण्यावर उभा आहे.

मी यवतमाळकडची. आमच्या भागात कापूस वेचून झाला की कच्छचे राबारी मेंढ्यांचे कळप घेऊन शिवारात उतरतात. आमच्याकडे त्यांना सरसकट काठेवाडी म्हणतात. खाटा, भांडी, कोकरं, कधी लहान मूलसुद्धा उंटावर लादून त्यांचा तांडा गावाकडेने जायचा. त्यामुळे उंट हा ओझ्याचा प्राणी एवढंच लहानपणापासून माहीत. पेशवाईतले सांडणीस्वार आम्ही इतिहासात वाचले होते, पण सांडणीला दूध असतं, ते माणसं पितात, हे कर्नालला दुग्धरसायनशास्त्र शिकायला जाईपर्यंत कुणी बोललं नव्हतं. तिथेही ते एका तासिकेच्या शेवटच्या काही मिनिटांत उरकलं गेलं. पुढे महाराष्ट्रातल्या डेअऱ्यांमध्ये गायी-म्हशींच्या दुधावर काम करून मी कच्छमधल्या प्रयोगशाळेत आले, तेव्हा उंटिणीचं दूध नुकतंच बाजाराची वस्तू होऊ लागलं होतं. अन्नसुरक्षा प्राधिकरणाने त्यासाठी मानक ठरवलं ते २०१६च्या अखेरीस. अमूलची अर्ध्या लिटरची बाटली आली जानेवारी २०१९मध्ये, पन्नास रुपयांना. दुधाला असा भाव आला की त्याच्या पाठोपाठ भेसळीची शंका येते आणि शंकेच्या पाठोपाठ आमच्यासारखी माणसं लागतात.

मला सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न म्हणजे, कोणत्या दुधात प्रोटीन जास्त? या प्रश्नातून हाती फारसं काही लागत नाही. गायीच्या दुधात साधारण सव्वातीन टक्के प्रथिनं, उंटिणीच्या दुधात तीनच्या आसपास. चारा, पाणी, ऋतू, व्यायल्यापासून किती दिवस झाले, यावर उंटिणीचा आकडा बराच वरखाली होतो आणि कधीकधी दोन्ही सारखेच निघतात. फरक आकड्यात नाही. प्रथिनं कोणती आणि एकमेकांच्या कोणत्या प्रमाणात, यात आहे. संकलन केंद्रावरचं मिल्क अॅनालायझर मात्र हा भेद जाणत नाही. ते गायी-म्हशींच्या दुधावर बेतलेलं असतं. उंटिणीचं दूध त्यात घातलं तर ते तितक्याच आत्मविश्वासाने फॅट, एसएनएफ, प्रोटीन छापून देतं, आणि त्या चिठ्ठीवर माणसाच्या घामाचा हिशोब होतो. म्हणून उंटिणीच्या दुधासाठी यंत्राचं वेगळं कॅलिब्रेशन करून घ्यावं, हा आग्रह मी प्रत्येक बैठकीत धरते. त्यासाठी केल्डालच्या जुन्या पद्धतीने नायट्रोजन मोजायचा, त्याला ६.३८ने गुणायचं आणि तो आकडा यंत्रापुढे ठेवायचा. वेळखाऊ काम आहे, पण त्याला दुसरा रस्ता नाही.

प्रमाणाचं चित्र सगळ्यात स्वच्छ दिसतं ते केसीनमध्ये. दोन्ही दुधांत प्रथिनांचा मोठा वाटा केसीनचा, आणि दोन्हींत त्याचे चार प्रकार: अल्फा-एस-वन, अल्फा-एस-टू, बीटा आणि कॅपा. गायीच्या केसीनमध्ये अल्फा-एस-वन अडतीस टक्क्यांच्या जवळपास, बीटा छत्तीसच्या जवळपास आणि कॅपा बारा-तेरा. झ्युरिकच्या ईटीएच विद्यापीठातल्या स्टेफान कॅपेलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ साली उंटिणीच्या केसीनचा क्रम प्रसिद्ध केला. त्यात बीटा पासष्ट टक्के निघालं, अल्फा-एस-वन बावीसच्या आसपास आणि कॅपा अवघं साडेतीन. हे आकडे मी प्रथम वाचले तेव्हा कॅपाच्या आकड्यावर थबकले. दुधाचा दुधाळपणा ज्याच्या जोरावर टिकतो ते प्रथिन इतकं कमी असूनही हे दूध दूध म्हणून कसं राहतं?

केसीनचे रेणू दुधात सुटे तरंगत नाहीत. हजारो रेणू कॅल्शियम आणि फॉस्फेटच्या साथीने एकत्र येऊन गोळे करतात, त्यांना मिसेल म्हणतात. कॅपा-केसीन या गोळ्याच्या पृष्ठभागावर बसतं आणि त्याचं पाणी आवडणारं टोक बाहेर काढून ठेवतं. कदंबाचं फूल डोळ्यांपुढे आणा: मधला घट्ट चेंडू आणि त्यावर चहूबाजूंनी उभे राहिलेले केसर. हे केसर गोळ्यांना एकमेकांना चिकटू देत नाहीत. कॅपा जितकं कमी, तितका झाकता येणारा एकूण पृष्ठभाग कमी, म्हणून गोळे संख्येने कमी आणि आकाराने मोठे. उंटिणीच्या दुधातले मिसेल गायीच्या मिसेलपेक्षा सरासरीने साधारण दुप्पट मोठे असतात. माझ्या प्रश्नाचं उत्तर इथे मिळालं. साडेतीन टक्के पुरतात, कारण गोळेच तेवढ्याला पुरतील अशा मापाचे घडतात.

हाताने काम करताना हे सगळं जाणवतं. गायीच्या दुधात थेंब थेंब आम्ल सोडत सामू ४.६वर आणला की केसीन एकदम खाली बसतं, घट्ट गठ्ठा होतो आणि वर हिरवट पिवळी निवळी राहते. उंटिणीचं केसीन तसं बसत नाही. त्याला सामू आणखी थोडा खाली न्यावा लागतो, आणि मग विस्कळीत, हलके कण होतात, फडक्यातून अर्धे निघून जातात. सेंट्रिफ्यूजशिवाय गत नाही. वर राहणारी निवळीही पांढुरकी असते, हिरवट झाक जवळजवळ नाहीच. नवीन मुलं प्रयोगशाळेत आली की मी त्यांना पहिल्या दिवशी पुस्तक देत नाही. दोन चंचुपात्रं, दोन दुधं आणि आम्लाची बाटली देते. मग ती स्वतःच विचारायला लागतात.

ज्याचं केसीन असं बसतं त्याचं चीज कसं व्हावं? वासराच्या पोटातलं रेनेट घालून उंटिणीचं दूध नीट जमत नाही, हा वाळवंटी देशांचा जुना अनुभव. मॉरिटानियात नुआकशोत शहरात नॅन्सी अबेदरहमान यांनी १९८७मध्ये टिविस्की डेअरी उभी केली. तिथे भटक्या पशुपालकांकडून उंटिणीचं दूध घेऊन ते पाश्चराइज करून विकलं जाऊ लागलं आणि पुढे त्याचं चीजही झालं. त्यासाठी फ्रेंच तज्ज्ञाला बराच खटाटोप करावा लागला होता. या कोड्याचा उलगडा पुढे एन्झाइमच्या अंगाने झाला. रेनेटमधलं कायमोसिन कॅपा-केसीनला एका ठरावीक जागी कापतं. केसर छाटले जातात, गोळे चिकटतात, दूध जमतं. गायीच्या कॅपामध्ये ही जागा १०५ आणि १०६ या अमिनो आम्लांच्या मधली, उंटिणीच्या कॅपामध्ये ९७ आणि ९८च्या मधली, आणि आजूबाजूचा क्रमही निराळा. गायीच्या कायमोसिनला ती जागा नीट सापडत नाही. कॅपेलर यांच्याच गटाने २००६मध्ये उंटाचं कायमोसिन बुरशीत तयार करून दाखवलं. त्याने उंटिणीचं दूध जमलं हे अपेक्षितच होतं. नवल असं की गायीचं दूधही त्याने गायीच्या कायमोसिनपेक्षा सत्तर टक्के अधिक जोराने जमलं, आणि इतर ठिकाणी नको ती काटाकाट केली ती फक्त चौथ्या हिश्श्याएवढी. ती फालतू काटाकाट कमी, म्हणून चीजला कडवटपणाही कमी. आज जगभरच्या चीज कारखान्यांत हे एन्झाइम वापरलं जातं. गायीच्या दुधाचं चीज, त्यामागे उंटाचा जीन आणि ते बनवणारी बुरशी. पुण्या-मुंबईच्या पिझ्झ्यावरचं चीजही असंच जमलेलं असू शकतं. माझ्या कामात इतका आनंद देणारी गोष्ट दुसरी नाही.

विरजणाचं तसंच. कच्छमध्ये कुठल्याही मालधाऱ्याला, म्हणजे पशुपालकाला, विचारा, तो सांगेल की उंटिणीच्या दुधाचं दही धड लागत नाही, नुसतं पातळ आंबट होतं. आपल्याकडे विरजण लावण्याआधी दूध चांगलं तापवायचं ही रीत घरोघरी आहे. जंतू मरावेत हा हेतू खराच, पण दही घट्ट लागण्याचं कारण आणखी खोल आहे. सत्तर-पंचाहत्तर अंशांच्या पुढे बीटा-लॅक्टोग्लोब्युलिन उलगडतं, त्यात लपलेला गंधकाचा गट मोकळा होतो आणि ते कॅपा-केसीनला जाऊन घट्ट बांधलं जातं. उकळत्या गायीच्या दुधाचा जो ओळखीचा वास येतो तो मुख्यतः याच गंधकाचा. मग विरजण पडलं की हे बांधलेलं जाळं पाणी धरून ठेवतं. उंटिणीच्या दुधात बांधणारं प्रथिनच नाही. ते कितीही तापवा, दह्याला तो घट्टपणा येत नाही. निवळीतल्या प्रथिनांची ताकद काय असते ते पाहायचं असेल तर खरवस पाहावा. चिकात विरजण नाही, रेनेट नाही, तरी नुसत्या वाफेवर वडी पडते, कारण त्यात प्रतिपिंडांची आणि निवळीच्या इतर प्रथिनांची रेलचेल असते. उष्णतेने तीच एकमेकांत गुंततात.

आता ज्या प्रसंगासाठी हे लिहायला बसले तो. एका पावसाळ्याच्या शेवटी संकलनाच्या एका मार्गावरून आलेल्या नमुन्यांत एका वृद्ध राबारी पशुपालकाच्या दुधात अठराच्या जागेजवळ रेघ दिसली. जाड नव्हती, पण नजरेतून सुटण्याजोगीही नव्हती. मार्गावरच्या माणसाला निकालाची घाई होती. भेसळ लिहून द्या, म्हणजे दूध नाकारता येईल, असा त्याचा सूर. मी निकाल थांबवला. उंटिणीच्या निवळीत पीजीआरपी नावाचं एक प्रथिन असतं, जिवाणूंच्या भिंतीतल्या पेप्टिडोग्लायकनला ओळखून धरणारं. त्याचं वजन एकोणीस किलोडाल्टनच्या आसपास. गायीच्या दुधात ते नगण्य, उंटिणीच्या दुधात मात्र ते चांगलं दखल घेण्याइतकं. आणि कासेला सूज आली की ते वाढतं. अठरा आणि एकोणीस यांच्यातलं अंतर जेलवर केसाएवढं असतं. जेल जरा घाईने चालवली, टक्केवारी जरा चुकली, तर दोन्ही रेघा एकाच जागी बसल्यासारख्या दिसतात.

मी तोच नमुना पुन्हा घेतला. या वेळी जेल जास्त टक्क्यांची, विजेचा दाब कमी, वेळ जास्त. एका बाजूला शुद्ध बीटा-लॅक्टोग्लोब्युलिन, दुसऱ्या बाजूला माझ्या डोळ्यांदेखत काढलेलं उंटिणीचं दूध, आणि मध्ये गायीचं दूध पाच टक्के मिसळून मुद्दाम केलेला नमुना. रेघ लॅक्टोग्लोब्युलिनच्या किंचित वर होती. त्यावर विसंबून न राहता गायीचं बीटा-लॅक्टोग्लोब्युलिन नेमकं पकडणारी एलायझा चाचणीही केली. ती निगेटिव्ह आली. दूध निर्भेळ होतं. त्यानंतर मी पशुवैद्यांना घेऊन त्या कळपावर गेले. दोन उंटिणींच्या सडांना सूज होती.

त्या वृद्ध राबारी काकांना मी सगळं सांगितलं नव्हतं, पण मार्गावर कुजबुज झालीच असणार. त्यांनी आम्हाला बसायला खाट दिली, चहा केला, अर्थात उंटिणीच्याच दुधाचा, किंचित खारट. मग म्हणाले, "बेन, माझ्या आजाच्या वेळी दूध विकणंच आमच्यात पाप होतं. पाहुण्याला द्यायचं, पिलाला सोडायचं, उरलं तर आपण प्यायचं. आता विकतो, पण त्यात दुसऱ्याचं दूध घालू?" ते माझ्याकडे न बघता बोलत होते. चार सडांतले दोन पिलाचे आणि दोन माणसाचे, ही त्यांची वाटणी. उंटीण पिलाने तोंड लावल्याशिवाय पान्हा सोडत नाही आणि सोडलेला पान्हा जेमतेम मिनिटा-दीड मिनिटाचा. तेवढ्यात एका पायावर दुसरा पाय दुमडून, त्या मांडीवर भांडं तोलून धार काढायची. असं मिळवलेलं दूध भेसळीचं ठरवायला माझ्या जेलवरची एक रेघ पुरेशी होती.

या रेघेच्या प्रकरणात आणखी एक गोष्ट मनाला लागली. जे पीजीआरपी त्या दिवशी काकांच्या विरोधात साक्ष देऊ पाहत होतं, तेच उंटिणीचं कच्चं दूध गायीच्या दुधापेक्षा जास्त वेळ टिकवायला हातभार लावतं. मालधारी हे दूध उन्हात कातडी किंवा पत्र्याच्या भांड्यातून नेत आले ते अशा प्रथिनांच्या भरवशावर. याच भरवशावर कुणी कच्चं दूध बाटलीत भरून विकू लागलं तर मात्र मी विरोध करते. ब्रुसेला जिवाणूला असली प्रथिनं आवरत नाहीत. पाश्चरायझेशन हवंच.

प्रयोगशाळेचा नंबर कुणीतरी कुणालातरी देतं आणि मग आयांचे फोन येतात. नाशिकहून, नागपूरहून, दुबईतल्या मराठी घरांतून. बाळाला गायीच्या दुधाची अॅलर्जी आहे, उंटिणीच्या दुधाची पावडर देऊ का? यात तथ्याचा एक भाग आहे. आईच्या दुधातही बीटा-लॅक्टोग्लोब्युलिन नसतं, निवळीत अल्फा-लॅक्टाल्ब्युमिन मुख्य आणि केसीनमध्ये बीटा जास्त. या तिन्ही बाबतींत उंटीण गायीपेक्षा बाईच्या जवळ आहे. गायीच्या केसीनशी लढणारी प्रतिपिंडं उंटिणीच्या केसीनला बहुतेकदा ओळखत नाहीत, हेही प्रयोगांत दिसलं आहे. पण बहुतेकदा म्हणजे नेहमी नव्हे. अॅलर्जी असलेल्या मुलाला पहिला घोट डॉक्टरांच्या देखरेखीखालीच द्यायला हवा. आणि आईच्या दुधात निवळीची प्रथिनं केसीनपेक्षा जास्त असतात, उंटिणीच्या दुधात केसीनच तीन-चतुर्थांशाच्या घरात. तान्ह्या बाळाच्या पोटाला हा फरक कळतो. वर्षाच्या आतल्या बाळाला ते दूध आईच्या दुधाच्या जागी द्यायचं नाही, हे मी प्रत्येक आईला स्पष्ट सांगते.

स्वमग्नतेसाठी म्हणून येणारे फोन जास्त अवघड असतात. पलीकडची बाई महिन्याच्या पगाराचा मोठा हिस्सा पावडरीवर घालवत असते. तिला माझ्याकडून होकार हवा असतो. स्वमग्नता या दुधाने बरी होते असं म्हणण्याइतका पुरावा आज नाही, हे मी तिला सांगते. मग तिच्याशी मुलाच्या जेवणाबद्दल, झोपेबद्दल बोलत राहते, कारण लगेच फोन ठेवणं जमत नाही. मधुमेहाचं थोडं वेगळं आहे. बिकानेरच्या सरदार पटेल मेडिकल कॉलेजच्या डॉक्टरांनी २००७ साली उंटिणीचं दूध पिणाऱ्या रायका समाजातल्या लोकांत मधुमेह आढळला नाही असं नोंदवलं होतं. अभ्यास महत्त्वाचा आहे. पण रायका दिवसभर कळपामागे चालतात, आणि त्या चालण्याची पावडर कुणी डब्यात भरून विकत नाही. दुधातलं इन्शुलिन पोटात शाबूत राहून रक्तात जातं असा दावा पाकिटांवर दिसतो, तेव्हा मला राग येतो. आजारी माणसाच्या आशेवर छापलेला तो मजकूर आहे. इन्शुलिनचं इंजेक्शन सोडून कुणी हे दूध धरलं तर त्याची किंमत फार मोठी पडेल.

बाजाराची खरी अडचणही शेवटी प्रथिनांपाशीच येते. गायीचं दूध १३०-१४० अंशांवर नेऊन महिनोन्‌महिने टिकणाऱ्या खोक्यात भरता येतं. उंटिणीचं दूध त्या तापमानाला लवकर फाटतं, कारण कॅपा कमी आणि लॅक्टोग्लोब्युलिन नाही. म्हणून ते थंड साखळीतून न्यावं लागतं किंवा पावडर करावी लागते, आणि दोन्ही महाग. ज्या तांड्यापर्यंत बर्फ पोचत नाही त्या तांड्याचं दूध बाजारापर्यंत पोचत नाही. देशातले उंट २०१२च्या पशुगणनेत चार लाख होते, २०१९मध्ये अडीच लाखांवर आले. दुधाला भाव मिळणं हा त्यांना राखण्याचा एक मार्ग आहे असं मी मानते, आणि म्हणूनच त्या भावाच्या आड येणारी प्रत्येक चुकीची चिठ्ठी मला वैयक्तिक वाटते.

काकांच्या त्या नमुन्यानंतर आम्ही एक गोष्ट सुरू केली. प्रत्येक कळपाचं दूध समोर काढून घ्यायचं, ऋतूगणिक, निरोगी उंटिणीचं वेगळं आणि कासेला सूज असलेलीचं वेगळं, आणि ते गोठवून ठेवायचं. संशयित नमुना आला की त्याच्या शेजारी त्याच कळपाचा, त्याच ऋतूचा नमुना चालवायचा. एका रेघेवर निकाल द्यायचा नाही, दुसऱ्या पद्धतीने खात्री झाल्याशिवाय सही करायची नाही. किनाऱ्याकडच्या खराई उंटिणींचे नमुने मात्र अजून अपुरे आहेत. त्या खाडीतून पोहत जाऊन बेटांवरची चेर, म्हणजे खारफुटी, खातात, दुधाला खारटपणा जास्त असतो. त्यांच्या निवळीतली प्रथिनं कच्छी उंटिणींशी कितपत जुळतात ते ताडून पाहायचं आहे. फकिराणी जत पशुपालकांनी दोन कळपांचे नमुने द्यायचं कबूल केलं आहे. पाऊस सरला आणि रस्ता मोकळा झाला की थंड पेट्या घेऊन निघायचं आहे.